मावळतीच्या भिंतीजवळची जागा

साखर कारखान्याच्या बॉयलरवर मी अकरा हंगाम काढले. उसाचा चोथा जाळायचा, त्याच्या वाफेवर आधी वीज करायची आणि तीच वाफ पुढे रस आटवायला द्यायची, हे आमचं काम. आमच्याकडे काही वाया जात नाही, असं मी पाहुण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगायचो.

त्या साली धाकटी बहीण नवऱ्याबरोबर आमच्याच कारखान्यावर ऊस तोडायला आली. कडेवर सात महिन्यांची लेक. मुकादमाच्या मागे लागून मी तिच्या कोपीला, पाचटाच्या झोपडीला, जागा मिळवून दिली, मावळतीच्या भिंतीला लागून. तिथं कारखान्याचं गरम पाणी बाहेर पडतं, पोरीच्या आंघोळीची सोय. थंडीत वारं उगवतीकडून येतं आणि चिमणीचा धूर मावळतीकडंच जातो, हे रोज धूर बघणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही. पोरगी खोकायची, तर मी म्हणायचो थंडी बाधली असेल.

मग अवकाळी पावसानं चोथा भिजला. चिमणीआधी राख अडवणाऱ्या यंत्राचा तळ चोंदला आणि भर सकाळी ते बंद पडलं. वर बघितलं तर काळा लोट मावळतीला वाकलेला. त्या दिवशी पोरीला ताप होता, बहीण कोपीतच होती.

"साहेब, बॉयलरचा जाळ उतरवू. खाली कोप्या हायेत," मी म्हणालो.

"बाहेर गाड्यांची रांग लागलीय. राख काढा, तोवर चालू द्या."

राख काही निघेना. शेवटी कुणाला न विचारता मीच चोथा कमी केला. वाफ पडली, उसाचं गाळप थांबलं. साहेब "कुणाला विचारून केलंस?" म्हणून ओरडत होते. मी पळत कोपीवर गेलो.

बहिणीनं पोरीच्या झोळीवर ओलं लुगडं टाकलं होतं. त्यावर काजळीचे ठिपके.

"ऊठ. कोपी हलवू, आत्ताच. सगळी राख इकडंच येती."

"आज व्हय, दादा? आलो तवापासनं पडती."

"मग का बोलली न्हाईस?"

ती लुगडं झटकत राहिली. "तू लई हौसेनं जागा दिलती. तुला कसं सांगू?"

मी झोळी सोडायला गेलो. गाठ काही मला सुटेना.