दूर गेलेल्याचं ताट

माझा देवीवर विश्वास होता, पण भरवसा नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. भरवसा असता तर मी तिच्याशी सौदा केला नसता. मी चिंचणीची, बोंबील सुकवून विकणाऱ्या घरातली. शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही, म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

माझा एकुलता मुलगा विलास. इथल्या बोटींना मासळी मिळेनाशी झाली तेव्हा तो गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. थंडीचे दिवस होते. बोट पाण्यातली हद्द ओलांडून गेली आणि पलीकडच्या देशाने ती धरली. बोटीवरचे सगळे तिकडच्या तुरुंगात. पहिल्या वर्षी त्याचं एक पत्र आलं, मी बरा आहे एवढंच. मग काही नाही. डहाणूच्या कचेरीत किती वेळा गेले त्याची गणती नाही. साहेब चांगला होता, बसायला खुर्ची द्यायचा, पण त्याच्याकडेही सांगायला काही नव्हतं.

तेव्हा मी महालक्ष्मीच्या गडावर जाऊन नवस बोलले. विलास परत येईपर्यंत माझ्या चुलीवर मासळी चढणार नाही, घरातलं कोणी खाणार नाही. आपल्याकडे नवसाला माणसं एखादा पदार्थ सोडतात, त्यात नवल नाही. पण मी सगळ्या घराला सोडायला लावला, सुनेला आणि सात वर्षांच्या नातीलाही. त्यांना विचारलं नाही. पोरीला तरी खाऊ द्या असं सून म्हणत राहिली, मी ऐकलं नाही. अंगणात बांबूवर बोंबील वाळत घातलेले आणि चुलीवर रोज डाळ. एकदा नात शेजारून खेळून आली, तिच्या हाताला कोळंबीचा वास आला. मी तिला मारलं. पोर रडली नाही, हात धुवायला गेली. ते मला अजून दिसतं. लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग सुकी मासळी करणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने आमच्यातल्या चौघींना जपानला न्यायचं ठरवलं. तिथे समुद्राकाठी एक गाव आहे, तिथल्या कोळ्यांच्या घरी परगावचे लोक येऊन राहतात, त्यांच्याबरोबर मासळी साफ करतात, वाळत घालतात, घरात शिजेल ते जेवतात आणि त्याचे पैसे देतात. तसं काही चिंचणीच्या किनाऱ्यावर करता येईल का ते बघायचं होतं. मला जायचं नव्हतं. सुनेने, मनीषाने, मागे लागून पाठवलं. का, ते तिने नंतर सांगितलं. मी आठ दिवस घरात नसले तर पोरीच्या पोटात मासळी जाईल, म्हणून.

आम्ही जिच्या घरी उतरलो ती हारुको माझ्याच वयाची. बोलणं सगळं पुण्याच्या एका मुलीमार्फत, तिला जपानी येत होतं. गाव थंड आणि रिकामं होतं. तरुण माणसं शहरात गेलेली, अर्धी घरं बंद. हारुकोची बोटं माझ्यासारखीच मिठाने चिरलेली. ते लोक मासा मधून चिरून उघडतात, मिठाच्या पाण्यात बुडवतात आणि जाळीवर पसरतात. आपण बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगतो ते मी तिला हाताने करून दाखवलं. ती दोन्ही हात एकमेकांत अडकवून बघत राहिली, मग हसली. आमच्यातली हिराबाई म्हणाली, "भाषा येत नाही ते बरंय, नाहीतर दोघी मासळीच्या भावावरून भांडल्या असत्या."

पण जेवताना अडचण झाली. सकाळ-संध्याकाळ मासळीच. मी भात आणि लोणचं खायची, शिवाय झाकणाच्या वाटीतून देत ते सोयाबीनच्या वाटणाचं गरम कढण प्यायची. पाहुणी जेवत नाही म्हणून हारुको कष्टी झाली. माझा नवस आहे असं मी त्या मुलीला सांगितलं, पण कशाचा ते सांगितलं नाही. कढण मात्र मी दोन-दोन वाट्या मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी मदतीला स्वयंपाकघरात गेले. हारुको आपल्या मांदेलीएवढी सुकी मासळी घेऊन बसली होती. एकेकीचं डोकं आणि आतली घाण चिमटीने काढून ती मासळी पाण्यात उकळत ठेवत होती. त्या पाण्यात तिने वाटण कालवलं. ते माझं कढण होतं.

मी चुलीपाशीच खाली बसले. मी नवस मोडला होता, एकदा नाही, पाच-सहा वेळा. आणि खरं सांगायचं तर मला काहीच माहीत नव्हतं असंही नाही. मी पन्नास वर्षं सुकी मासळी हाताळलेली बाई. पहिल्याच घोटाला जिभेला कळलं होतं. मी मनाला सांगितलं की सोयाबीनची चव अशीच असेल, आणि आणखी मागितलं. तिकडे मुलगा तुरुंगात, आणि इकडे त्याची आई चवीसाठी स्वतःशी खोटं बोलत होती. मला वाटलं, मीच त्याला मारला. देवी आता त्याला सोडणार नाही.

हारुकोने त्या पुण्याच्या मुलीला उठवून आणलं. मी सगळं सांगितलं. हारुकोने ऐकून घेतलं. उठली आणि एक छोटं ताट वाढू लागली. भात, भाजलेला मासा, लोणचं, आणि झाकण घातलेल्या वाटीत तेच कढण. ताट तिने भिंतीजवळ एका रिकाम्या बैठकीपुढे नेऊन ठेवलं. तिचा मुलगा मोठ्या जहाजावर लांबच्या समुद्रात मासेमारीला जातो, वर्ष वर्ष येत नाही. तो गेल्यापासून ती रोज त्याच्यासाठी असं वाढते. थोड्या वेळाने झाकण उचलून बघायचं. आतून पाणी सुटलं असेल तर माणूस सुखरूप आहे असं तिच्या सासूने सांगितलं होतं. मग ते अन्न घरातल्या कोणी खायचं.

मी विचारायला लावलं, झाकण कोरडं निघालं तर?

हारुको म्हणाली, "तर उद्या आणखी गरम वाढायचं."

मग तिने मला विचारलं की मी माझ्या मुलासाठी काय वाढते. काही नाही, म्हटलं, मी सगळं बंद केलंय. तिला वाटलं त्या मुलीने चुकीचं सांगितलं. तिने पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, "घरातलं जेवणच बंद केलंत, तर तो परत कशाकडे येणार?"

मी उठून तोंड धुतलं आणि त्या दिवशी तिच्या घरात पोटभर जेवले. पाप असेल तर पूर्ण होऊ दे, असं वाटलं.

माघात घरी परतले. आधी गडावर गेले आणि देवीला सांगितलं की नवस मोडला, मीच मोडला, पोराला शिक्षा नको. दुसऱ्या दिवशी ओल्या बोंबलाचं कालवण केलं. मनीषा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, माझं ऐकायला तुम्हाला जपानला जावं लागलं होय?" मी म्हटलं, "तू जपानीत कधी सांगितलंस?" दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली. नात तीन बोंबील जेवली आणि काट्याबद्दल तक्रार केली.

त्या दिवसापासून रोज दुपारी विलासचं ताट वाढू लागले, कालवणाच्या वाटीवर झाकण ठेवून. शेजारणी म्हणाल्या, जित्या माणसाचं पान वाढतेस, ते मेलेल्यांसाठी वाढतात. मी म्हटलं, भूक जित्यांनाच लागते. झाकण रोज ओलं निघायचं. गरम कालवणावर झाकण ठेवलं की पाणी सुटतंच, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरी रोज उचलून बघायची.

कार्तिकात एका दुपारी एक माणूस दारात आला. तलासरीकडच्या उधव्याचा रूपजी, विलासच्याच बोटीवरचा खलाशी. सुटून आला होता. हाडं राहिली होती नुसती. आत आला, भिंतीजवळचं ताट बघितलं आणि कुणाचं म्हणून विचारलं. विलासचं, म्हटलं. तो ताटाकडे बघतच खाली बसला.

"काकी, विलास गेला. पावसाच्या आधी. ताप उतरलाच नाही."

मनीषा भिंतीला टेकली. मी रूपजीला पाणी दिलं आणि म्हटलं, सगळं सांग. त्याने सांगितलं ते असं. विलासने पहिली तीन वर्षं अन्न टाकलं होतं. अर्धी रोटी खायचा, कुणाशी बोलायचा नाही. तिसऱ्या वर्षाची थंडी सरता सरता एका दुपारी उठून बसला आणि म्हणाला, आज घरी कालवण झालंय, आईने मला वाढलंय. बाकीचे हसले. त्यानंतर रोज दुपारी रोटी घेऊन बसायचा आणि आज घरी काय आहे ते सांगायचा. बोंबील, कोळंबी, एखाद्या दिवशी नुसतं सुकं. ते ऐकायला बाकीचेही आपली रोटी घेऊन त्याच्याजवळ बसायला लागले.

"आणि शेवटी?" मी विचारलं.

"शेवटच्या दिवशी माझ्या हातची पेज घेतली. म्हणाला, आज कालवण तिखट झालंय."

मनीषा कमी तिखट घालते. तिखट मी घालते.

महिने मी जुळवून बघितले. जुळतात. याहून जास्त मला सांगता येणार नाही. कुणी म्हणेल, घरापासून दूर असलेला माणूस घरच्या जेवणाचंच बोलणार. म्हणो. पाच महिने मी गेलेल्या मुलाला वाढत होते आणि झाकण रोज ओलं होतं, हेही खरं आहे. ते मी कुणापासून लपवत नाही.

रूपजीपुढे मी ते ताट सरकवलं. तो मागे सरला. म्हणाला, "हे त्याचं आहे, काकी."

"म्हणूनच तू जेव. त्याला पेज तू भरवलीस."

त्याने झाकण उचललं, आतलं पाणी भातावर पडलं, आणि तो खाली मान घालून जेवला. भात दोनदा मागून घेतला.

दोन महिन्यांनी तिकडून त्याची पेटी आली. उघडू नका असं सांगितलं होतं. नाही उघडली. मनीषाने आणि मी त्याचे दिवस केले.

मी देवीकडे मुलगा मागितला होता, आणि बदल्यात घरादाराची भूक देऊ केली होती. तिने ती घेतली नाही. परक्या मुलखात, परक्या बाईच्या चुलीवर तिने माझा नवस मोडून टाकला. मुलगा दिला नाही. का नाही दिला ते मी विचारत होते, आता विचारत नाही. तो उपाशी गेला नाही एवढं तिने केलं, आणि ते मी मागितलंसुद्धा नव्हतं. चैत्रात जत्रेला गेले तेव्हा नारळ ठेवला, हात जोडले आणि काही न मागता खाली आले. पाय दुखत होते, पण चालत राहिले.

ताट अजून रोज वाढते. दुपारी जो दाराशी येईल तो जेवतो. किनाऱ्यावर फिरायला आलेले मुंबईचे लोकही कधी कधी जेवून जातात आणि डोळे पुसत पाणी मागतात. मनीषा म्हणते, आई, आता तरी तिखट कमी घाला. मी घालत नाही.