ताईच्या अंगठ्याखालचा दोरा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे. ताई चौथीनंतर शाळेत गेली नाही. मी गेलो, कारण ती घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला जायला लागली. आमच्या गावाहून, झरीहून, सकाळची जीप पकडायची, दिवसभर चिकू निवडायचे, खोक्यांत भरायचे आणि संध्याकाळी चिकाने चिकट झालेले हात घेऊन परत यायचं. मी तलासरीच्या वसतिगृहात होतो तेव्हा साबण, वह्या आणि परीक्षेच्या आधी थोडी सुकी मासळी तिच्याकडूनच यायची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. प्रमाणपत्र घरी आणलं त्या दिवशी ताईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "एवढाच?" इतकी वर्षं शिकून एवढाच कागद मिळतो, याचं तिला खरोखर नवल वाटलं होतं.

आता मी डहाणूला एका शाळेत विज्ञान शिकवतो. ताईला लग्न करून झरीतच दिलेली, त्यामुळे तिचं घर आणि आमचं घर यांत एक शेत आणि एक विहीर एवढंच अंतर.

मासे धरायला मात्र ताईला कुठलाही कागद लागत नव्हता. गावाखालच्या तलावावर ती सुट्टीच्या दिवशी बसायची. हातात बांबूची काठी, काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा साधा पारदर्शक दोरा, आणि टोकाला गळ. सगळी करामत तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या, अंगठ्याशेजारच्या बोटात होती. दोरा त्या बोटावरून सोडलेला असायचा आणि खाली पाण्यात काय चाललंय ते तिला बोटातून कळायचं. "हा शिंगाडा मासा, नुसता थट्टा करतोय," असं म्हणून ती गप्प बसून राहायची. मग मधेच झटका द्यायची आणि वर मरळ यायची. मी शेजारी बसून पुस्तक वाचायचो. मी बोललो की मासे पळतात, असं तिचं ठाम मत होतं.

दोन वर्षांपूर्वी गवत कापताना तिच्या त्याच बोटाला विळा लागला. जखम भरली, पण बोट पुरतं वाकेना आणि त्यात जाणीव राहिली नाही. चिकू निवडायचं काम ती उरलेल्या बोटांनी करायला शिकली. मासे मात्र सोडले. कुणी विचारलं तर म्हणायची, बाजारात मिळतात की. एका रविवारी गेलो तर तिची काठी वालाच्या वेलाला आधार म्हणून लावलेली दिसली. वेल छान चढला होता, पण मला काही ते बघवेना. ताई सगळ्या गोष्टींची चेष्टा करते, या एका गोष्टीची करत नव्हती. तलावाकडे जायची वाटही तिने बदलली होती. तिला पुन्हा पाण्यावर बसवायचंच, असं मी तेव्हा मनाशी ठरवलं.

शिकलेला माणूस जे करतो तेच मी केलं. वही घेतली. रात्रंदिवस नाही, पण मधल्या सुट्टीत आणि जेवताना मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ पाहिले आणि टिपणं काढली. त्यातून मला तीन प्रकारचे दोरे कळले. एक आपला तंगूस: ताणला तर थोडा लांबतो, रिळावर फार दिवस राहिला की स्प्रिंगसारखी वळणं धरतो, पण स्वभावाने गरीब. दुसरा फ्लोरोकार्बन: पाण्यात जवळजवळ दिसत नाही, बुडतो, आणि जरा ताठ असतो. तिसरा विणलेला दोरा, ज्याला दुकानात ब्रेडेड म्हणतात: शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक, ताकद मात्र तंगूसाच्या कितीतरी पट, आणि अजिबात ताणत नाही. मरळ पाणगवतात घुसते, म्हणून व्हिडिओतले सगळे एकमुखाने विणलेला दोरा सांगत होते. नवशिक्याने स्पिनिंग रीळ घ्यावं, म्हणजे काठीच्या खाली लटकणारं, हेही सगळे सांगत होते.

मी तसंच घेतलं. विणलेला दोरा रिळाच्या गुळगुळीत फिरकीवर घसरतो, म्हणून खाली आधी तंगूसाचे थोडे वेढे दिले. फिरकी काठोकाठ भरली नाही, कड जराशी मोकळी ठेवली. वहीत होतं तसं सगळं केलं.

रविवारी ताईला आग्रह करून तलावावर नेलं आणि पहिल्याच मिनिटाला माझी वही निकामी ठरली. स्पिनिंग रिळाने गळ फेकताना दोरा पहिल्या बोटाच्या पेरावर अडकवून धरावा लागतो आणि फेकता फेकता सोडावा लागतो. नेमकं तेच बोट. दोरा कधी आधीच सुटायचा आणि गळ आमच्या मागच्या करवंदीत जायचा, कधी सुटायचाच नाही आणि गळ पायाशी पडायचा. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, बांधावर बसून बघत होते. ते म्हणाले, "करवंदीत मासे आहेत हे मला आजच कळलं."

तोवर ताई हसत होती. मग गळ कशात तरी अडकला आणि तिने जुन्या सवयीने दोरा हाताला गुंडाळून ओढला. तंगूसाला ते चालतं. बारीक विणलेला दोरा पात्यासारखा असतो. बोट कापलं आणि तिला कळलंही नाही, कारण त्या बोटात जाणीवच नव्हती. रक्त मी पाहिलं. जखम लहानच होती. तिने पदराने पुसली, काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हे तुमचं शिकलेल्यांचं काम. घेऊन जा. मला पुन्हा नको सांगू." आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ते रीळ घेऊन डहाणूच्या दुकानात परत गेलो. जाळी, दोर, गळ, शिसं असं सगळं विकणारं ते जुनं दुकान. मालक वयस्क, घरी गुजराती बोलणारे. मी त्यांना काका म्हणतो. झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कई आंगळीथी नाखशे? कुठल्या बोटाने टाकणार बेन?"

मासा कुठला, पाणी किती, गवत किती, दोऱ्याची ताकद किती, हे सगळं माझ्या वहीत होतं. बोटाचा रकानाच नव्हता.

अंगठा चांगला आहे ना, असं त्यांनी विचारलं. चांगला आहे म्हटल्यावर त्यांनी दुसरं रीळ काढलं, बेटकास्टिंगचं. हे काठीच्या वर बसतं, आणि फेकताना त्याची फिरकी अंगठ्याने दाबून धरायची, अंगठा उचलला की दोरा सुटतो. पहिल्या बोटाचं काही कामच नाही. पण त्यांनी लगेच बजावलं की हे रीळ तापट आहे. फेकल्यावर फिरकी दोऱ्यापेक्षा जोरात फिरली, अंगठा वेळेवर टेकला नाही, की आत दोऱ्याचं घरटं होतं. बारीक विणलेल्या दोऱ्याचं घरटं झालं तर ते कात्रीशिवाय सुटत नाही, आणि जोराचा ताण आला तर तो स्वतःच्याच वेढ्यांत रुतून बसतो. फ्लोरोकार्बन ताठ, तो शिकणाऱ्याच्या हातात उसळतो. म्हणजे तंगूसच बरा, पण त्यातही किती जाड? मी वही उघडली, तशी काकांनी ती बंद केली. म्हणाले, "दोरा चपलेसारखा असतो. घालणाऱ्याने घालून बघायचा."

ताई दुकानात यायला तयार नव्हतीच. म्हणून काकांनी सहा दोऱ्यांचे हातभर लांबीचे तुकडे कापले, एका पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यात अडकवले आणि आकडे घातले. तो पुठ्ठा घेऊन शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी थेट घोलवडला गेलो. वाडीतल्या शेडमध्ये बायका जेवायला बसल्या होत्या. ताईने पुठ्ठा पाहिला आणि मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणी बसणार. पण बाकीच्या बायकांना उत्सुकता. काय आहे, कशाला आहे, सगळं त्यांनी मलाच विचारून घेतलं. मग एक म्हणाली, "बघ तरी बाई. भाऊ शाळा सोडून दोरे विकायला लागलाय."

ताईने हात धुतले. एक तुकडा घेतला, अंगठा आणि त्या बोटात धरला, ठेवून दिला. त्या बोटाने तिला काय कळणार? मग तिने तो दोरा ओठांत धरला आणि हळूच ओढला. मग दुसरा.

"हा कापतो," ती म्हणाली. पहिला, बारीक विणलेला. "हा सुतळी." जाड विणलेला. फ्लोरोकार्बन ओढून तिने तोंड वाकडं केलं, "ही तार." बारीक तंगूस तिला लुकडा वाटला. पाचवा, मध्यम जाडीचा तंगूस, तिने दोनदा ओढला आणि म्हणाली, "हा ऐकतो."

"भाऊ शिकला आणि बहिणीला दोरे खायला घातले," मघाचीच बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. ताईसुद्धा.

मी खूश होऊन पाचव्या तुकड्यावर खूण करू लागलो, तर ताईने माझा हात धरला. तिने सहावा काढला. जाडी तीच, पण रंग पिवळाजर्द. मी म्हटलं, ताई, हा पाण्यात लांबून दिसतो, मासा जवळ येणार नाही. पारदर्शकच घेऊ.

ती म्हणाली, "माशाला दिसला तर दिसू दे. मला दिसला पाहिजे. बोट मेलंय, डोळे नाय मेले."

मला ते समजायला थोडा वेळ लागला. आधी पाण्याखालचं तिला बोट सांगायचं. आता दोरा जरा सरकला, ढिला पडला, आडवा गेला, हे ती डोळ्यांनी बघणार होती. माझ्या वहीत हे कुठेच नव्हतं. माशासाठी उपाय मग ते दुसरं रीळ घ्यायला गेलो तेव्हा काकांनी सांगितला: पिवळ्या दोऱ्याच्या टोकाला हातभर पारदर्शक तुकडा जोडायचा, गळ त्याला बांधायचा. मासा पुढचं बघेल, ताई मागचं.

फेकण्याचा सराव आम्ही भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात केला, गळाऐवजी टोकाला कच्चा चिकू बांधून. पहिल्या दिवशी फिरकीत इतकी घरटी झाली की भावजींनी चिमण्या पाळायचा सल्ला दिला. पण तंगूस खरोखर ऐकत होता. ताई दाताने आणि डाव्या हाताने एकेक फास सोडवायची, कात्री मागायची नाही. तिसऱ्या रविवारी चिकू शेताच्या पलीकडे, आमच्या आईच्या अंगणात जाऊन पडला. आई बाहेर आली आणि चिकू कुणी मारला म्हणून माझ्यावरच ओरडली.

मग माझ्या शाळेच्या परीक्षा आल्या आणि मला दोन रविवार जाता आलं नाही. तलावावर पहिल्यांदा जाताना मी बरोबर असावं, अशी माझी फार इच्छा होती. एका बुधवारी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

"मरळ," ती म्हणाली. कोपरापर्यंत लांब. दोरा वाऱ्याच्या उलट सरकायला लागला, तेवढं तिने पाहिलं आणि झटका दिला. एकटीच होती. मी विचारलं, फोटो काढला का? म्हणाली, काल रात्रीच खाल्ली, कालवण चांगलं झालं होतं. "तू नव्हतास ना, म्हणून मिळाली. शांत होतं."

मग तिने फर्मावलं की अजून एक रीळभर पिवळा दोरा पाठव, आणि तो पुढचा तुकडा जोडायची गाठ नीट लिहून दे. फोनवर सांगितलेलं गाठ मारायच्या वेळेला आठवत नाही, कागद गुडघ्यावर ठेवून बघता येतो. दोरा आणि हे पत्र मी गुरुवारी झरीच्या जीपवाल्याकडे दिलं.

*

ताई,

दोरा पाठवतोय. तोच, पिवळा, त्याच जाडीचा. फिरकीवर चढवताना भावजींना गुंडाळी पेन्सिलीवर धरायला सांग आणि ओल्या फडक्यातून दोरा जाऊ दे, म्हणजे घट्ट बसेल. कडेपर्यंत भरू नकोस.

गाठ अशी. पिवळ्याचं टोक आणि पारदर्शक तुकडा शेजारी शेजारी ठेव, वीतभर एकमेकांवर. दोन्हींची मिळून एक मोठी कडी कर. त्या कडीतून पिवळ्याचं टोक आणि अख्खा तुकडा, दोन्ही एकत्र, तीन वेळा काढ. मग थुंकी लाव. हे विसरू नकोस. मी शाळेत ताणकाट्याला बांधून पाहिलं, कोरडी गाठ आधी तुटते. मग चारही बाजूंनी हळू ओढ. एक बाजू दातात धरलीस तर तुला सोपं जाईल. बोटाला गुंडाळून ओढू नकोस, तंगूस असला तरी.

एक गोष्ट समोर बोलता आली नाही, ती लिहितो. मी तुझ्यासाठी दोरा निवडायला महिनाभर अभ्यास केला आणि तुझा हात एकदाही हातात घेऊन पाहिला नाही. तू मला शिकवलंस तेव्हा असं केलं नव्हतंस. माझ्या चपला फाटल्या आहेत, माझा चष्मा बदलायला झालाय, हे मी सांगायच्या आधी तुला माहीत असायचं. मी जे शिकलो त्यात हे राहून गेलं. ते आता शिकतोय, थोडं उशिरा.

परीक्षा संपल्या आहेत, पण या रविवारी मी येणार नाही. तू एकटी बस. पुढच्या रविवारी बोलावलंस तर येईन. गांडुळं मी खणीन, आणि बोलणार नाही.

तुझा भाऊ