ठशात गेलेली छबूबाई

बेलापूरच्या रंगनाथाला टाक घडवणारा म्हणून आसपासची सगळी गावं ओळखत. टाक म्हणजे देवघरात मांडायची चांदीच्या पत्र्याची उठावदार मूर्ती, तळहातात मावेल एवढी. काही टाक देवांचे, काही घरातल्या गेलेल्या माणसांचे. याबाबत बापानं त्याला एक गोष्ट बजावून ठेवली होती. खंडोबा-भवानी घरोघरी तेच, त्यांचे टाक ठशावर पत्रा ठोकून एका बैठकीत ढीगभर काढ, खुशाल काढ. माणसाचा टाक मात्र एकेकच घडवायचा. घरचं कुणी समोर बसणार, नाक कसं होतं, कुंकू केवढं लावायची ते सांगणार, आणि रंगनाथ पत्रा तापवून मऊ केलेल्या राळेवर बसवून छिन्नीनं चेहरा उठवणार. डोळे सगळ्यात शेवटी. घरच्यानं टाकाच्या कानाशी गेलेल्याचं नाव घ्यायचं, मगच डोळ्यांना छिन्नी लावायची. बिननावाचे डोळे उघडायचे नाहीत. का, ते बापानं सांगितलं नाही आणि यानंही विचारलं नाही.

त्याच्या हातचं सगळ्यात देखणं काम होतं त्याच्या बायकोच्या, लंकाबाईच्या गळ्यात. ती दुसरेपणावर आलेली. पहिली छबूबाई ऐन उमेदीत तापानं गेली. लग्नाचा एकुलता एक फोटो, तोही वाळवीनं खाल्ला. राहिला तो हा टाक. सवतीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, पहिला घास तिच्या नावाचा, ही रीत लंकाबाईनं मनापासून पाळली. 'आक्का' म्हणायची तिला, जशी काही थोरली जाऊ आतल्या खोलीत पडली आहे.

रंगनाथाचा भाचा अंगद यानं केडगावला दाबयंत्र टाकलं आणि तो मामाकडं आला.

"मामा, तुमचा एक टाक उतरस्तोवर माझं घमेलं भरतंय. एकजन पत्रा कापतो, दुसरा दाबतो, तिसरा कडा घासतो. अख्खा टाक कुनाला यायची गरजच न्हाई."

"आन् चेहरा कुनाचा काढायचा?"

"बाईचा एक ठसा, बाप्याचा एक. देवाचे न्हाई का तुमी काढत? मेलेल्याचं तोंड कोन एवढं निरखून बघतंय?"

एरवी रंगनाथानं त्याला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. पण बोटं आखडली होती. वर्षश्राद्ध तोंडावर आलेली गिऱ्हाइकं थांबायला तयार नव्हती, तयार माल हवा म्हणत. बाईच्या ठशासाठी चांगला चेहरा हवा होता. त्यानं लंकाबाईच्या गळ्यातला टाक मागितला.

"आक्काला इचारलं का?" ती म्हणाली.

"तू गप गं," रंगनाथ म्हणाला. झालं, चुकला तो इथंच.

त्या टाकावरून ठसा पाडून टाक तिला परत दिला, आणि केडगावचं यंत्र दणादणा चालू झालं. नाक, कान, डोळे सगळं एका दाबात उमटत होतं. नाव घ्यायला कुणाला सवड होती? टाक जामखेडपर्यंत गेले. लोक खूश, अंगद खूश, आणि खोटं कशाला बोला, रंगनाथही खूश.

मग एका सकाळी खर्ड्याहून एक बाई आली. तिनं फडक्यातला टाक रंगनाथापुढं ठेवला.

"ह्यो परत घ्या. आमच्या सासूबाई गुळाला कधी शिवल्या न्हाईत. आता रोज सपनात येत्यात, गुळाचं पानी दे म्हंत्यात. आन् आवाज त्यांचा न्हाई."

रानातून आल्यावर छबूबाईला गुळाचं पाणीच लागायचं.

पाठोपाठ दुसरे आले, म्हातारे गृहस्थ. त्यांच्या घरी सून पहाटे देवघर झाडायला गेली, तर आत कुणीतरी बाई भिंतीकडं तोंड करून उभी. म्हणाली, माझं घर बेलापूरला हाय, मला तिकडं लावून द्या. सूनबाई तेव्हापासून अंथरुणात होती.

त्या दुपारी लंकाबाईनं गळ्यातला टाक काढून नवऱ्याच्या हातात दिला. कडा शाबूत, कडी शाबूत, वेलबुट्टीसुद्धा कोरीव. चेहऱ्याच्या जागी मात्र गुळगुळीत पत्रा.

"रोज थोडं थोडं जातंय. परवा नाक गेलं," ती म्हणाली. "लोकांच्या घरी वाटून टाकलं तुमी तिला. दर घरी येगळ्या नावानं हाका मारत्यात. कुनाकुनाला ओ देईल ती?"

रंगनाथ तसाच उठून केडगावला गेला. अंगद तणतणत राहिला, यानं ठसा घणाखाली घालून फोडला. उरलेला माल वितळवला. गेलेला माल कसा गोळा करणार? घरी येऊन त्यानं राळ तापवली, नवा पत्रा बसवला, छिन्नी उचलली आणि हात तसाच राहिला. त्याला छबूबाईचं तोंड आठवेना. काही केल्या आठवेना. म्हातारा माणूस, पण हुंदके देऊन रडला.

लंकाबाई त्याच्या समोर येऊन बसली, गिऱ्हाईक बसायचं तशी. छबूबाईला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. पण इतकी वर्षं रोज सकाळी तो चेहरा बोटांनी चाचपला होता. तिनं डोळे मिटले आणि रिकाम्या हवेत बोट फिरवत सांगू लागली.

"कपाळ रुंद. नाकाचा शेंडा जरा बसका. गाल भरलेले. हनुवटीखाली बारीक वन, विळ्याचा."

रंगनाथाची छिन्नी थबकली. तो व्रण त्यानं टाकात कधी काढलाच नव्हता. तो फक्त त्यालाच ठाऊक होता. त्यानं विचारलं नाही, व्रण काढला. चेहरा वर येत गेला आणि छबूबाई समोर आली, फक्त डोळे तेवढे बाकी.

"घे नाव," तो म्हणाला.

लंकाबाईनं टाकाच्या कानाशी तोंड नेलं, आणि तशीच मागं सरली.

"नगं," ती म्हणाली. "लई घरं फिरून आलीया. मिटलेलेच ऱ्हाऊ द्या."

"लंके, तिनं मला एकदा बघायला पायजे हुतं."

"बघितलंय तिनं तुमाला. आता निजू द्या."

रंगनाथानं पापण्यांच्या दोन बारीक रेघा ओढल्या आणि छिन्नी खाली ठेवली. लंकाबाईनं टाक गळ्यात बांधला, पदराखाली झाकला आणि चूल पेटवताना भांड्यांचा आवाज होऊ दिला नाही.