बाजरीच्या रानात वाचलेली फारसी कादंबरी

ये, मनानंच का होईना, जवळ बस. पुण्याला तत्त्वज्ञान शिकायला गेलीस म्हणून आत्याला विसरायचं, ही कुठली रीत गं? गेल्या दिवाळीत ती फारसीतून मराठीत आलेली कादंबरी माझ्या उशाशी ठेवून गेलीस, ती गेलीसच. घरात फोन आलाय, तर त्यावर नुसतं, "आत्या, वाचलीस का?"

वाचली. चौथीपर्यंतच शिकले, तरी छापलेलं काही सोडत न्हाई मी. पण सुरुवातीची पानं माझी फुकट गेली बघ. तंबू, शेळ्यामेंढ्या, डोंगर उतरणारी बायामाणसं, सगळं दिसत होतं. मी मात्र शोधत बसले, ह्यांचं गाव कुठलं? आपल्या महाळुंग्यात पावणं दारात आलं की पाण्याआधी गावच विचारतात. म्हणून मी हिवाळ्यातल्या मुक्कामाला गाव धरलं अन् उन्हाळ्यातल्या कुरणाला रान. पुढं बघते तर ती माणसं त्या "गावा"तून निघताना गाणी म्हणतायत अन् तिथं परत पोचल्यावर भांडतायत! मग तुलाच फोन लावला.

तू लई हसलीस. म्हणालीस, "आत्या, आजकालचे काही तत्त्वज्ञ वेगळा विचार करतात. आपली वाट दोन गावांना जोडण्यापुरती असते. भटक्यांची वाटच खरी, मुक्काम फक्त तिच्या सोयीपुरते. इतकं की भटका माणूस बसल्या जागीही भटकाच असतो."

"मग आमचे हे दिवसभर पारावर बसतात, ते मोठेच भटके म्हणायचे," मी म्हटलं.

पण त्याच हिवाळ्यात नवल झालं. पारनेरकडचे धनगर दरसाल दिवाळीनंतर आपल्या बाजरी निघालेल्या रानात मेंढ्या बसवतात. रातच्याला मेंढ्या बसल्या की रानाला खत होतं, त्याबद्दल आपण त्यांना धान्य देतो. मग ते ओतूरवरून माळशेज उतरून कोकणात जातात. त्यांच्यातली एक म्हातारी माझी जुनी मैत्रीण. त्या खेपेला तिचा गुडघा एवढा सुजला होता की घाट उतरणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "रहा माझ्याकडं. पावसाआधी मेंढरं माघारी फिरतील, तेव्हा जा." तिच्या लेकालाही पटलं.

अन् मलाच घोर लागला. कादंबरीतही एका म्हातारीला मातीच्या घरात ठेवून टोळी पुढं जाते. ती भिंतीकडं तोंड करून बसते अन् बोलायचंच सोडते. आपली ही तशी बसली तर?

ही बाई तर घरात झोपेचना. ओट्यावर घोंगडी टाकली.

"आत गादी घातलीय की गं."

"आत कान बंद व्हत्यात, अक्का. मेंढरू खोकलं तर ऐकू कसं येनार?"

"तुझी मेंढरं ओतूरला पोचली असतील!"

"ओतूर मागं पडलं. आज मढला आसतील. पानी हाय तिथं, थांबत्याल."

रोज संध्याकाळी तिचा मुक्काम पुढं सरकायचा. गुडघ्याला शेक देत देत बाई मनानं पार घाटाखाली मुरबाडला पोचली! मला तुझे ते तत्त्वज्ञ आठवले. खरंच की, ही कुठं बसलीय?

पण गुडघा ठणकला की ती रडायची, लेकाला शिव्या घालायची, "मला टाकून गेला" म्हणायची. ते तुझ्या तत्त्वज्ञानात कुठं बसवायचं, मला कळेना. वाटच ज्याचं घर, त्याला वाटेतच मागं ठेवलं तर तो कुठं राहतो?

मग मागून आणखी एका धनगराची मेंढरं आली. त्यांच्याकडं घोडं होतं. सूज उतरली नव्हती, तरी बाई घोड्यावर चढली. मी ओरडले, "अगं, बरी तरी हो!"

"तुझ्या वट्यावर बसूनच आखडला गं गुडघा!" मलाच टोमणा मारून निघून गेली.

पावसाआधी मेंढरं दुसऱ्याच वाटेनं माघारी गेली, त्यामुळं तिचं काय झालं ते कळलं न्हाई. आता पुन्हा बाजरी निघालीय. धनगर येतील, ती त्यांच्यात असेल का, ह्याची धाकधूक आहे. आली, तर वाटेत मागं राहिलेला कुठं राहतो, हा माझा प्रश्न तिलाच विचारू. न्हाई आली, तर त्यावरून तुझ्याशी भांडेन. दोन्हीला तू हवीस. नारायणगावला उतर, हे घ्यायला येतील. लवकर ये गं.