गोमाच्या कुडावरचे गोल

अंबरनाथच्या कारखान्याकडून गोमा फुटबॉल खेळायचा, तोही अनवाणी. गोल मारला की पाड्यावरच्या घराच्या कुडावर कोळशाची एक रेघ ओढायचा.

छप्पन्न साली दिवाळीच्या तोंडावर संघाचे कप्तान विष्णुपंत सामन्याचं सांगायला घरी आले. गोमाची बायको जिवली दारात शेण कालवत होती. विष्णुपंतांनी रेघा मोजल्या नि हसले.

"एक्केचाळीस! अरे, हंगेरीच्या एका गड्याने देशासाठी ऐंशीच्या वर मारलेत. तू निम्म्यावरच!"

गोमाचं टाळकं फिरलं. भाताच्या धसकटांवर पाय सोलून घेत मारलेले गोल आणि निम्मे?

"सायेब, ह्या यंदाच्या रेघा हायत. दर दिवालीला ही कूड सारवते, मी पयल्यापासून सुरू करतो. त्या हंगेरीवाल्याचा कूड सारवा एकदा, मंग मोजू!"