धाकूच्या डब्याचा सूर

...तर काल आपण थांबलो ते गंगारामाला पेटी घरीच ठेवायला सांगितली तिथं. गंगाराम आमच्या भजनमंडळाचा पेटीवाला, आणि त्याला तसं सांगणारा धाकू, रत्नागिरीत रेडिओ दुरुस्त करणारा. चौऱ्याऐंशीच्या माघी उत्सवासाठी त्यानं सूर धरणारा विजेचा डबा केला होता. भारी डोक्याचा गडी! मंडळाचे गाणारे रावजीबुवा काळी एकमध्ये गात, म्हणजे सेकंदाला दोनशे सत्त्याहत्तर कंपनं. डब्यातला वीज साठवणारा कपॅसिटर किती वेळात भरतो नि रिता होतो, त्यावर ती ठरतात. म्हणून आयसीला, म्हणजे सूर काढणाऱ्या चिपला, बाहेरून वीज अडवणारे कुठले रेझिस्टर, कुठला कपॅसिटर लावायचा, ते त्यानं वहीत मांडलं. गणित चोख. गंगाराम म्हणाला, एकदा पेटीशी ताडून बघ. धाकूनं चारचौघांत ऐकवलं, हिशेबाला कान लागत नाहीत.

उत्सवात डबा घुमला. बुवांनी त्याच सुरावर अभंग उचलला, आणि अंतऱ्याला आवाज चिरकला. पुन्हा घेतला, पुन्हा चिरकला. बुवा टाळ खाली ठेवून उठले. वय झालं आता, अशी कुजबुज झाली. धाकूलाही तेच वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुकानात कुणी ठेवलेल्या पेटीशी सहज ताडलं, तर डबा बोलत होता पांढरी चार, काळी एकपेक्षा चार पट्ट्या वर! मीटर लावला. कपॅसिटर छापलेल्या आकड्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी निघाला; तो लवकर भरून रिता होई, म्हणून सूर चढला होता. स्वस्तातला माल वीस टक्के इकडेतिकडे असतो, हे त्याला आयटीआयत पहिल्याच वर्षी शिकवलेलं. रेझिस्टर बदलून दहा मिनिटांत त्यानं सूर जागेवर आणला. पण तोंड उघडेना. बुवांचं घर टाळायला तो बाजाराला मासळीबाजाराकडून वळसा घालून जाऊ लागला. बायको कमळा विचारायची, जेवण का जात नाही? तो म्हणायचा, पोट बरं नाही.

मग कळलं, बुवांनी मंडळाचे टाळ परत पाठवले, दुसरा बुवा बघा म्हणून. तेव्हा धाकू उठला.

बुवा अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांनीच त्याला बसायला पाट दिला आणि म्हणाले, "तुझ्या डब्याला बोल नाय रे. माझ्याच गळ्यानं दगा दिलान."

धाकू पाटावर बसला नाही. उभ्यानंच, खाली बघत म्हणाला, "नाय बुवा. डबा पांढरी चारवर बोलत होता. कपॅसिटरवर छापलेलं मी खरं धरलं, ताडून बघितलं नाय. तुमचा गळा धड आहे, हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. आज अकरावा दिवस."