शेगडीवरचं पुरण

मालू गेल्याचा फोन बराकपूरहून तिच्या मुलानं केला तेव्हा मी बेदाणे निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेले निवडून संपवले. दुसरं काय करणार? मालती माझी धाकटी नणंद. तिला जाऊन सव्वा महिना झाला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लेख वगैरे लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे असं मी पन्नास वर्षं धरून चालले होते. ती आता लिहून टाकते.

मी लग्न होऊन कलकत्त्याला आले ती स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी. हे सरकारी कचेरीत, पुण्याहून बदलून आलेले. भवानीपुरात दोन खोल्यांत आम्ही दोघं, सासूबाई आणि मालू राहत होतो. मालू पुढं इंटर सायन्सला गेली. ह्यांनी तिला साफ सांगितलं होतं, पहिला वर्ग मिळाला तर डॉक्टरीला घालीन, नाहीतर लग्न. मुलगाही सासूबाईंनी हेरून ठेवला होता, बराकपूरच्या लष्करी कचेरीतला. मुलगा वाईट नव्हता. पण मालूला डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते तिनं घरात फक्त मला सांगितलं होतं.

कॉलेजात सगळं इंग्रजीतून. मालूचं पाठांतर पक्कं, तिला भीती तीच. घडाघडा म्हणता येतं म्हणजे समजलंय की नुसतं पाठ झालंय, हे तिचं तिलाच कळेना. मग तिनं मला धरलं. मी सोवळ्यात स्वयंपाक करायची, ती उंबऱ्याबाहेर वही घेऊन बसायची आणि सगळं मराठीत सांगायची.

"वहिनी, तुम्हाला समजलं की मला समजलं असं धरायचं."

"आणि मला नाही समजलं तर?"

"तर मला येत नाही. फक्त खोटं सांगायचं नाही."

खोटं बोलायची मला सवय नव्हती. तोंडावर बोलते म्हणून सासूबाईंनी मला आधीच नावं ठेवली होती. त्यामुळं हे काम मला जमलं. पेशी म्हणजे एक खोली, तिला भिंत, आत घट्टसर रस, मध्ये केंद्रक, एवढं तिनं सांगितलं. मी विचारलं, खोलीला दार नाही तर आत पाणी जातं कुठून? तिनं प्रश्न वहीत लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याच डब्यातले बेदाणे वाटीत भिजत घातले. दुपारी ते टम्म फुगले. मग तेच साखरेच्या दाट पाकात टाकले तर पुन्हा सुरकुतले. पाणी सालीतून जातं-येतं, साखर जात नाही, ती म्हणाली. मी म्हटलं, मग मीठ घातलं की काकडीला पाणी सुटतं ते हेच की. मालू एवढी खूश झाली की सासूबाई आतून म्हणाल्या, "कोशिंबिरीची परीक्षा असेल तर हिलाच बसवा." आम्ल आणि अल्कली मला कुंकवावरून समजलं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हे आमच्या घरी आजीच करायची. असं वर्षभर चाललं. मला समजेपर्यंत ती हलायची नाही, आणि मीही तिला सोडायची नाही.

त्या वर्षी होळी परीक्षेच्या तोंडावर आली. मी पुरण शिजवत होते आणि मालू आम्लांचे तुल्यभार, म्हणजे गणितात कुठल्या आम्लाचं वजन किती धरायचं ते, सांगत होती. मिठाच्या आम्लाचा भार पुरा धरायचा, गंधकाम्लाचा मात्र निम्मा. मी विचारलं, निम्मा का? तिनं सांगितलं. नाही समजलं. तिनं पुन्हा सांगितलं, पण मधेच अडखळली, वही चाळायला लागली. तिलाच नीट कळलं नव्हतं, ते मला दिसत होतं. तिसऱ्यांदा तिनं सुरुवात केली आणि मला पुरण तळाशी लागल्याचा वास आला... मी म्हटलं, "समजलं."

तिची दया आली वगैरे काही नाही. शेगडीवर पुरण होतं. मालूनं माझ्याकडं पाहिलं, वही मिटली आणि पुढचा धडा काढला.

रसायनाचा पेपर झाला. ती एस्प्लनेडवरून ट्रामनं घरी आली, हातपाय धुतले, पानावर बसली. म्हणाली, "वहिनी, गंधकाम्लाचं गणित होतं. मी भार पुराच धरला." मी आमटी वाढली. त्या गणिताला आठ गुण होते. पहिला वर्ग पाच गुणांनी गेला.

लग्न झालं. संसार तिनं चांगला केला, रडगाणं कधी गायलं नाही. मुलगा मोठा झाल्यावर घरीच मुलींना रसायन आणि जीवशास्त्र शिकवायला लागली. बराकपूरच्या कितीतरी मुली तिच्याकडं शिकून पुढं गेल्या, दोघी-तिघी डॉक्टर झाल्या. मी सणावारी जायची. गंधकाम्लाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

शेवटी तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शेवटचं भेटले तेव्हा कातडी आणि हाडं राहिली होती. मी विचारलं, ते मशीन करतं तरी काय? तेवढ्यानं ती उशीला टेकून बसली. म्हणाली, "त्यात एक पातळ पडदा असतो, वहिनी. आपल्या बेदाण्याच्या सालीसारखा. घाण पलीकडं निघून जाते, रक्त अलीकडं राहतं." मग दम खाल्ला आणि विचारलं, "समजलं?"

मला पहिल्या खेपेलाच समजलं होतं. मी म्हटलं, "नाही. परत सांग."

ती माझ्याकडं बघत राहिली... आणि मग सावकाश, बेदाण्यांपासून पुन्हा सांगायला लागली.

तेराव्याला तिची एक जुनी विद्यार्थिनी आली होती, बंगाली, आता डॉक्टर आहे. ती सांगत होती, मालतीदी आमच्या पहिल्या 'समजलं'वर कधी विश्वास ठेवायच्या नाहीत. कोणी पटकन समजलं म्हटलं की विचारायच्या, "शेगडीवर काय ठेवून आलीस?" आम्हाला त्याचा अर्थ कधी कळला नाही, पण ऐकून ऐकून आम्हीही एकमेकींना तसंच विचारायला लागलो. सगळे हसले. मी उठून आत गेले आणि पानं मांडायला घेतली.

हल्ली सकाळी वाटीत बेदाणे भिजत घालते. दुपारपर्यंत फुगतात. पाणी आत कुठून गेलं ते मला चांगलं ठाऊक आहे. गंधकाम्लाचा भार निम्मा का धरायचा, ते मात्र मला अजून समजलेलं नाही.